सायकल पडली होती, स्क्रू नाही

मागचे दोन महिने माझ्या घरातली एक जागा ठरून गेली होती, हॉलमध्ये टीव्हीसमोर सायकल उलटी करून ठेवलेली आणि मी तिच्या मागच्या डिरेलरपुढे (गिअर बदलताना चेनला एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा तो भाग) उकिडवा बसून एक हातानं पायडल फिरवून राहिलो, दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर. आईनं दोनदा विचारलं, "हे दुरुस्त करून राहिला का बिघडवून राहिला?" तेव्हा राग आला होता. आता सांगतो, बिघडवूनच राहिलो होतो.

झालं असं की डिसेंबरात एका रविवारी आमच्या नागपूरच्या फुटाळा तलावावर पोहे खायला थांबलो. रोडबाईकला स्टँड नसते, त्यामुळे कठड्याला टेकवून ठेवली, आणि तर्रीचा पहिला घास तोंडात जाते न जाते तोच शेजारी कोणीतरी स्कूटी मागे घेतली, तिचा आरसा हँडलला लागला आणि सायकल धाडकन आडवी. उजव्या बाजूनं. ही उजवी बाजू महत्त्वाची आहे, गिअरवाल्या सायकलचं सगळं नाजूक सामान तिकडेच असते. आम्ही चौघांनी मिळून उचलली, रंग गेला का पाहिलं, हँडलची टेप फाटली का पाहिलं, ब्रेक दाबून पाहिला, स्कूटीवाला बिचारा तीनदा सॉरी म्हणाला, विषय संपला. डिरेलरकडे कोणी पाहिलंच नाही. पाहिलं असतं तरी काही दिसलं नसतं म्हणा, कारण जे वाकलं होतं ते डोळ्याला दिसण्याइतकं वाकलं नव्हतं.

परत येताना आवाज सुरू झाला. टिक टिक टिक टिक, मधल्या चकत्यांवर, जशी काही चेन शेजारच्या मोठ्या चकतीला "येऊ का, येऊ का" विचारून राहिली. माझी कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा गठ्ठा, ११-२८ ची, ११ स्पीड: अकरा चकत्या, सगळ्यात छोटीला ११ दात, सगळ्यात मोठीला २८. तर १७ वर चालवलं की १९ ला घासते, १९ वर टाकलं की २१ ला घासते.

आता इंटरनेटवर कुठलाही व्हिडिओ पाहा, पहिलं काय सांगतात? बॅरल अ‍ॅडजस्टर फिरवा. म्हणजे गिअरच्या लिव्हरपासून येणारी केबल जिथे डिरेलरमध्ये शिरते तिथला तो खाचांचा गोल नट. तो बाहेर काढला, म्हणजे मागून पाहताना घड्याळाच्या उलट फिरवला, तर केबल ताणली जाते आणि डिरेलर आत सरकते, मोठ्या चकतीकडे. घड्याळाप्रमाणे फिरवला तर केबल सैल आणि डिरेलर बाहेर. माझी चेन आतल्या बाजूला घासून राहिली होती म्हणून मी सैल केली, पाव फेरा, अजून पाव फेरा, आणि खरंच, १७ वरचा आवाज गेला! मी खूश. मग लक्षात आलं की आता १२ वरून ११ वर टाकलं की ठीक, पण ११ वरून परत १३, १४ ला चढवताना चेन आळस करून राहिली, एक क्लिक मारून काही होत नाही, दुसरी मारली की एकदम दोन चकत्या चढते. मग थोडी ताणली. मग १९ वर टिक टिक. मग सैल. असं चाललं आठवडाभर.

आठवडाभरानंतर माणूस काय करतो? जे करू नये ते. मी लिमिट स्क्रूला हात घातला.

डिरेलरवर दोन बारीक स्क्रू असतात, एकावर एच, एकावर एल. एच म्हणजे बाहेरची हद्द, सगळ्यात छोट्या चकतीच्या पलीकडे चेन जाऊ नये म्हणून. एल म्हणजे आतली हद्द, सगळ्यात मोठ्या चकतीच्या पलीकडे चेन जाऊन चाकाच्या तारांमध्ये घुसू नये म्हणून. बस, एवढंच त्यांचं काम, शेताच्या धुऱ्यासारखं. मधल्या नऊ चकत्यांवर गिअर नीट बसते की नाही याच्याशी यांचा काडीचा संबंध नाही. पण मला ते तेव्हा कोण सांगणार, मी दोन्ही फिरवले, थोडे इकडे थोडे तिकडे, आणि कुठला किती फिरवला हे लिहूनही ठेवलं नाही.

इथे नागपूरची एक गंमत आहे. आपलं गाव सपाट. वर्धा रोड घ्या, काटोल रोड घ्या, कामठीकडे जा, चढ म्हणजे काय तर उड्डाणपूल. २५ आणि २८ च्या चकत्या माझ्या कॅसेटवर अक्षरशः नव्यासारख्या चमकतात, महिनोन्महिने चेन तिकडे फिरकतच नाही, सगळं आयुष्य १५, १७, १९ वर. त्यामुळे आतल्या टोकाला काही बिघडलं असेल तर ते नागपूरकराला कळतच नाही. पुण्यावाल्याला पहिल्याच घाटात कळलं असतं. मला कळलं सेमिनरी हिल्सवर, तो आमचा घाट. सकाळचे सहा, थंडी, दम लागलेला, २८ वर टाकावं म्हणून लिव्हर दाबली, आणि चेन २८ वर थांबलीच नाही, पलीकडे उतरली, कॅसेट आणि स्पोकच्या मधल्या फटीत. खर्रर्र असा आवाज की कुत्रे भुंकायला लागले. वेग अगदीच कमी होता म्हणून वाचलो. वेगात झालं असतं तर डिरेलर तारांमध्ये ओढलं जाते, हँगर तुटते, स्पोक तुटतात आणि कधी कधी फ्रेमही जाते. माझ्या चार तारांवर ओरखडे आले आणि बोटं काळी झाली, तेवढ्यावर भागलं.

दुसऱ्या दिवशी महाल भागात एका मिस्त्रीकाकांकडे गेलो. दुकान म्हणजे आठ फुटाचं शटर, बाहेर पंक्चरची पाण्याची टोपली, आत साध्या सायकली, लहान पोरांच्या सायकली. माझा मित्र म्हणाला होता की काका जुने आहेत, रेसच्या सायकली पाहिलेल्या आहेत. मी सगळी कहाणी सुरू केली, बॅरल असं केलं, एल स्क्रू तसा केला. काकांनी मधातच थांबवलं.

"सायकल पडली होती का?"

"हो काका, फुटाळ्यावर, पण हळूच पडली."

"मंग स्क्रू कायले फिरवून राहिला बाबू? स्क्रू का पडला होता? पडली तं सायकल नं."

हे वाक्य ऐकून मी खरंच गप्प झालो. कारण सरळ आहे, काल जे नीट चालत होतं ते आज चालत नसेल तर स्क्रू रात्री उठून स्वतः फिरलेला नाही. काहीतरी वेगळं बदललं आहे. तो बदल शोधायचा सोडून मी स्क्रूनं त्याची भरपाई करायला निघालो होतो.

बदलला होता हँगर. डिरेलर फ्रेमला थेट नसते लागलेलं, मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा एक छोटा तुकडा असतो, तो हँगर. तो मुद्दाम मऊ ठेवतात, सायकल पडली तर तो वाकावा किंवा तुटावा आणि फ्रेम वाचावी. उजव्या बाजूनं पडली की डिरेलर आत ढकललं जाते आणि हँगर आतल्या बाजूला वाकतो. मग काय होते की डिरेलर सगळीकडेच थोडं आत आणि थोडं तिरपं. एका चकतीवर तुम्ही केबलनं ते जुळवून घ्याल, पण तिरपेपणा असल्यामुळे दुसऱ्या टोकाला ते परत चुकते. माझं एका आठवड्याचं ताण-सैल-ताण-सैल, ते हेच. आणि एल स्क्रूची हद्द जुन्या जागेसाठी बसवलेली, हँगर आत आला म्हणजे हद्दही आत सरकली, त्यात मी अजून फिरवून ठेवलेली, म्हणून चेन तारांमध्ये.

आता हँगर सरळ करायचा एक गेज असतो, लांब दांड्याचा, हँगरच्या आट्यात बसवून चाकाच्या रिमशी चारही बाजूंनी अंतर मोजायचं. काकांकडे तो नव्हता. त्यांनी जे केलं ते पाहून मी फोन काढून फोटो काढायचंही विसरलो. पाच नंबरच्या एलन कीनं डिरेलर सोडवलं, आतून एक जुनं मागचं चाक आणलं, क्विक रिलीजवालं, त्याची दांडी काढून टाकली, पोकळ अ‍ॅक्सल एका बाजूला थोडा सरकवला आणि तो अ‍ॅक्सल सरळ माझ्या हँगरच्या भोकात आट्यानं बसवला. बसतो! मागच्या क्विक रिलीजच्या अ‍ॅक्सलचे आटे आणि हँगरचे आटे एकच असतात, १० मिलिमीटर जाड आणि १ मिलिमीटरचा पिच. म्हणजे आता माझ्या मागच्या चाकाला चिकटून बाहेरच्या बाजूला दुसरं एक चाक उभं. हँगर सरळ असेल तर दोन्ही चाकं समांतर दिसायला पाहिजेत. कशाची समांतर, वर फट मोठी, खाली फट लहान, शाळेच्या दाराची दोन फळकुटं उन्हानं वाकल्यावर दिसतात तसं. जे मला महिनाभर डिरेलरकडे टक लावून दिसलं नाही ते दोन चाकांमधल्या फटीत आंधळ्यालाही दिसलं असतं.

मग काकांनी स्टीलची पट्टी घेतली, वर, खाली, पुढे, मागे मोजलं, आणि ते बाहेरचं चाकच धरून हळू हळू ओढलं. थोडं ओढायचं, सोडायचं, मोजायचं. चारही बाजूंचा फरक तीनचार मिलिमीटरच्या आत आला की झालं. "ॲल्युमिनियम हाय," म्हणाले, "एकदा वाकते, दोनदा वाकते, मंग तुटते. एक नवा घेऊन ठेव." आणि हँगर कुठलाही चालत नाही बरं का, प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, भोकांची जागा, जाडी, सगळं वेगळं, म्हणून तुटल्यावर शोधायला निघालात तर पंधरा दिवस सायकल भिंतीला. मी त्याच रात्री मागवला.

हँगर सरळ झाल्यावर सगळं परत शून्यापासून लावलं, आणि ते लावायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत, हे मला जास्त लागलं. केबल सोडून दिली, चेन ११ वर, एच स्क्रूनं डिरेलरची वरची छोटी चाकी ११ च्या बरोबर खाली आणली. हातानं डिरेलर ढकलून चेन २८ वर, एल स्क्रूनं तिथे अडवलं. मग केबल हातानं ताणून बोल्ट आवळला, पकडीनं खेचून नाही, हातानंच. एक क्लिक मारून चेन १२ वर जाते का पाहिलं, नाही गेली तर बॅरल उलटा पाव फेरा. गेली. पुढे सगळ्या आपोआप बसत गेल्या.

हे इतकं नाजूक का असते ते मी मग वाचलं. जुन्या सायकलींना फ्रिक्शन लिव्हर असायची, क्लिक नाहीच, चालवणारा आवाज ऐकून लिव्हर मागेपुढे करून स्वतःच जुळवायचा. हँगर थोडा वाकडा असला तरी हात सांभाळून घ्यायचा. १९८४ मध्ये शिमानोनं ड्युरा-एसवर क्लिकवाली एसआयएस पद्धत आणली, तेव्हा मागे सहाच चकत्या होत्या. आता थोड्याच जास्त जागेत जवळपास दुप्पट. आठ स्पीडमध्ये दोन चकत्यांमधलं अंतर ४.८ मिलिमीटर असते, अकरा स्पीडमध्ये ३.७ च्या आसपास. म्हणजे पूर्वी अर्धा मिलिमीटर चुकला तर चेन गुपचूप चालायची, आज तेवढ्यानं टिक टिक सुरू होते. म्हणून मी तरी नवीन पोरांना सांगतो, पहिली सायकल आठ किंवा नऊ स्पीडची घे बाप्पा, अकराचा नाद नको. कोणी ऐकत नाही.

बरं, इथे पोस्ट संपायला पाहिजे होती. नाही संपली.

दोन आठवडे लोण्यासारखे गिअर. मग परत तोच आळस, छोट्या चकतीवरून मोठीवर चढताना. यावेळी सायकल पडली नव्हती, शपथ. पाव फेरा ताण दिला, नीट झाली. तीन दिवसांनी परत पाव फेरा. दोन दिवसांनी परत. मी म्हटलं नवी केबल ताणली जात असेल, पण केबल कुठे नवी होती, ती तर सायकलसोबतच जुनी आलेली, सेकंडहँड घेतली तेव्हाची. इथे डोक्यात दिवा पेटायला पाहिजे होता. जुनी केबल रोज रोज लांब होत नाही. रोज लांब होत असेल तर ती कुठेतरी तार तार तुटून राहिली आहे.

आणि आता मागे वळून पाहिलं की कळते, हे तेव्हाही सुरू असणार. वाकलेला हँगर डिरेलरला आत ढकलत होता आणि तुटत जाणारी केबल त्याला बाहेर सोडत होती. मधात दोन दिवस "आपोआप नीट झालं" असं मला वाटलं होतं, ते दोन चुका एकमेकांना झाकून राहिल्या होत्या म्हणून.

केबल तुटली रामटेकला. गडमंदिराचा चढ करून खाली उतरलो, मनसरच्या दिशेनं निघालो, लिव्हर दाबली तर एकदम पोकळ, जशी काही आत कोणी नाही. डिरेलरच्या स्प्रिंगचा स्वभाव बाहेर जायचा, केबल गेली की चेन सरळ ११ वर. घर ५० किलोमीटर. पुढची चकती छोटी, ३४, केली तरी ३४ ला ११, समोरून वारा, गुडघे बोलायला लागले. मग एक गोष्ट आठवली, आणि या पोस्टमधली सगळ्यात उपयोगी गोष्ट बहुतेक हीच: एच स्क्रू आत फिरवत गेलं तर डिरेलर बाहेर येऊच शकत नाही, ते एक-दोन चकत्या आत अडकून राहते. रस्त्याच्या कडेला बसून फिरवला, चेन १३ वर जाऊन बसली. ३४ ला १३, बराच फरक पडतो. एकाच गिअरवर कन्हानचा पूल, कामठी, घर. ज्या स्क्रूला हात लावू नये म्हणून एवढं लिहिलं त्यानंच घरी आणलं.

घरी टेप सोडून पाहिलं तर केबल शिफ्टरच्या, म्हणजे हँडलवरच्या गिअर लिव्हरच्या आत, तिच्या डोक्याजवळ तुटलेली. हे दुखणं हँडलच्या टेपखालून केबल जाणाऱ्या शिफ्टरमध्ये बऱ्याच जणांना येते, तिथे केबल छोट्या जागेत एकदम वळते, हजारो वेळा त्याच जागी वाकते, एक एक तार तुटत जाते, बाहेरून सगळं चकाचक. डोकं बाहेर काढायला दीड तास लागला. तुटलेल्या तारांचा झुपका आत अडकतो, आणि वैतागून लिव्हर खटाखट मारत बसलात तर त्या तारा यंत्रात गुंततात आणि शिफ्टरच जाते, म्हणून लिव्हर मारायची ती फक्त चेन छोट्या चकतीकडे नेणारी, डोकं भोकासमोर येईपर्यंत, आणि मग बारीक चिमट्यानं एक एक तार. आईची भुवईची चिमटी वापरली. तिला अजून माहीत नाही.

नवी केबल टाकताना आउटरपण, म्हणजे केबलवरची नळी, बदलला, कारण जुना कापून पाहिला तर आत चिखलाची पेस्ट, मागच्या पावसाळ्याची आणि सिमेंट रोडच्या धुळीची मिळून. एक सांगून ठेवतो, गिअरचा आउटर आणि ब्रेकचा आउटर वेगळा. ब्रेकच्यात गुंडाळलेली स्प्रिंगसारखी तार असते, ती दाबली की थोडी आखडते, ब्रेकला चालते, गिअरला नाही. गिअरच्यात तारा लांबीच्या दिशेनं सरळ जातात. एका ठिकाणी मला "एकच आहे हो" म्हणून ब्रेकचा देत होते, घेतला नाही. कापल्यावर तोंड चपटं होते ते सुईनं गोल करून घ्यायचं, आणि खाली बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पायडलचा दांडा फिरतो त्या जागेच्या, पोटाला जो प्लास्टिकचा गाइड असतो, ज्यावरून केबल घासत जाते, तो एकदा तरी पुसा, तिथे माझ्याकडे कापूस, वाळू आणि काय काय निघालं.

या सगळ्यात माझी एक सवय लागली, आधी दिशा विचारायची. चढताना, म्हणजे मोठ्या चकतीकडे जाताना त्रास असेल तर केबल सैल आहे, कशानं सैल झाली ते शोधा. उतरताना, छोट्या चकतीकडे येताना आळस असेल तर तिथे केबल काहीच ओढत नसते, फक्त डिरेलरची स्प्रिंग ओढते, म्हणजे कुठेतरी घर्षण आहे, आउटरमध्ये घाण, गंज, जास्त वळलेला आउटर. एका टोकाला नीट आणि दुसऱ्या टोकाला चूक असेल तर हँगर. आणि गिअर नीट बसलेला असून जोर लावला की चेन दातांवरून उडी मारते, तर डिरेलरला शिव्या देऊ नका, चेन किंवा कॅसेट झिजली आहे. साधी फूटपट्टी लावा, चेनचे बारा पूर्ण जोड बरोबर बारा इंच पाहिजेत. दीड मिलिमीटरच्या आसपास जास्त भरले तर अकरा स्पीडची चेन बदलायची वेळ झाली. आपल्या सपाट गावात तर नवी चेन टाकल्यावर नेमकी १५, १७, १९ वरच उडी मारते, बाकी कॅसेट कोरी करकरीत. माझ्या मित्राचं तसंच झालं, तो डिरेलर बदलायला निघाला होता.

सध्या सगळं ठीक आहे, फक्त २८ वर पायडल उलटं फिरवलं की घरघर येते, वरची छोटी चाकी चकतीला फार जवळ येऊन राहिली असं दिसते. ही फट ठरवतो तो तिसरा स्क्रू, बी स्क्रू. पाचसहा मिलिमीटरची फट पाहिजे तिथे. आज स्क्रूड्रायव्हर काढला होता, मग आठवलं की परवा चाक बाहेर काढून परत बसवलं आहे. आधी ते नीट खोबणीत बसलं की नाही ते पाहतो.